निळी रेघ, लाल रेघ आणि कराडचा संगम

कराडात नदीच्या अंगाला घर बांधायचे ठरले की फायलीत एक दाखला वाढतो. सातबारा, मोजणीचा नकाशा, झोन दाखला आणि आर्किटेक्टचे आराखडे यांच्या जोडीला जलसंपदा विभागाचा पूररेषेबाबतचा ना हरकत दाखला लागतो. बहुतेकांना तो आणखी एक हेलपाटा वाटतो. मला मात्र त्या सगळ्या फायलीत तोच कागद विलक्षण वाटतो. बाकीचे कागद माणसांनी माणसांशी केलेल्या व्यवहारांचे असतात. या एका कागदावर नदीचे म्हणणे आकड्यांत लिहिलेले असते: इतक्या मीटरपर्यंत मी सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येते, आणि इतक्या मीटरपर्यंत शंभर वर्षांतून एकदा.

पहिला आकडा निळ्या रेषेचा, दुसरा लाल रेषेचा. दोन्ही समुद्रसपाटीपासून मोजलेले असतात. आता कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आणि समुद्र पार सह्याद्रीच्या पलीकडे. मग इथल्या प्लॉटची उंची समुद्रापासून कोणी आणि कशी मोजली? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या नऊ बंदरांत वर्षानुवर्षे घेतलेल्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून समुद्राची सरासरी पातळी ठरवण्यात आली. मुंबई हे त्यांतले एक बंदर. तिथून सर्व्हेच्या लोकांनी दुर्बीण आणि पट्टी घेऊन, टप्प्याटप्प्याने, घाट चढून ती पातळी देशाच्या आत नेली आणि वाटेत दगडांवर, पुलांवर, सरकारी इमारतींच्या पायऱ्यांवर खुणा कोरल्या. १९०९ साली पक्की झालेली ही तळपातळी अजून आपल्या वापरात आहे. कोयनेकाठच्या प्लॉटवर सर्व्हेअर लेव्हल लावतो आणि जवळच्या बेंचमार्कपासून मोजायला लागतो, तेव्हा त्याच्या वहीतल्या प्रत्येक आकड्याचे दुसरे टोक अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात असते. घराचे जोते किती उंच घ्यायचे, या प्रश्नात समुद्र असा येऊन बसलेला असतो.

पण खरे नवल पुढे आहे. नदी कुठवर चढेल, हे आधीच कसे सांगायचे? आणि तेही कराडला?

कृष्णा आणि कोयना दोघीही महाबळेश्वरच्या. कृष्णा वाईच्या बाजूने उतरते. वाटेत माहुलीला वेण्णा, पुढे उरमोडी, उंब्रजला तारळी अशा नद्या पोटात घेत ती उत्तरेकडून कराडला येते. कोयना सह्याद्रीच्या दोन रांगांमधल्या दरीतून सरळ दक्षिणेला धावते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि पाटणवरून कराडला पोहोचते. एरवी एक नदी दुसरीला कडेने, तिरकी येऊन मिळते. इथे दोघी समोरासमोर येऊन भिडतात आणि मिळून पूर्वेला वळतात. प्रीतिसंगम बघायला येणारे लोक या दृश्याकडे बघत उभे राहतात. जलशास्त्राच्या माणसाला मात्र त्यात एक अवघड गणित दिसते. समोरासमोर येणाऱ्या दोन प्रवाहांत जो जोरात असेल तो दुसऱ्यापुढे भिंतीसारखा उभा राहतो. कोयनेला मोठा पूर असेल तर कृष्णेचे पाणी मागे तुंबते, आणि कृष्णा फुगलेली असेल तर कोयना मागे सरकते. या मागे सरकलेल्या पाण्याला आपल्याकडे फुगवटा म्हणतात. म्हणजे कोयनेकाठच्या एखाद्या कॉलनीत शिरलेले पाणी कोयनेने आणलेले असेलच असे नाही. कृष्णेने वाट अडवली म्हणूनही ते चढलेले असू शकते. कराडची पूररेषा एकट्या नदीवरून काढता येत नाही ती यामुळे.

त्यात वर धरणे आहेत. कोयनेच्या धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी. कृष्णेवर धोम साडेतेरा टीएमसीचे, वेण्णेवर कण्हेर दहा टीएमसीचे, उरमोडीचेही तेवढेच, शिवाय तारळी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २,८३२ कोटी. धरणाच्या दरवाजांतून दिवसभर एक लाख क्युसेक पाणी सोडले तर चोवीस तासांत साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी नदीत उतरते. पावसात धरण रिकामे होते की भरलेले, दरवाजे किती वाजता उघडले, आणि धरणाच्या खाली जो मोकळा मुलूख आहे तिथे त्याच रात्री किती पाऊस पडला, या सगळ्यांची बेरीज संगमावर होते. एकच पाऊस जुलैच्या पहिल्या आठवड्यात पडला तर धरणे त्याला पोटात घेतात. तोच पाऊस ऑगस्टमध्ये, धरणे काठोकाठ असताना पडला तर तो तसाच खाली येतो. लाल रेषा काढताना धरणाच्या सांडव्यावरून येऊ शकणारे मोठे पाणी हिशोबात धरावे लागते, त्यामागचे कारण हे.

आता शंभर वर्षांचा पूर. एखाद्या ठिकाणच्या नोंदी चाळीस-पन्नास वर्षांच्याच असताना शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर कसा सांगता येतो? मला हे कोडे फार दिवस छळत होते. त्याची एक किल्ली एमिल गुंबेल या जर्मन गणितज्ञाच्या कामात आहे. हा माणूस जर्मनीतल्या राजकीय खुनांचे आकडे गोळा करून छापत होता. नाझींचा राग त्याने ओढवून घेतला, हायडेलबर्ग विद्यापीठातली जागा गेली, देश सुटला. अमेरिकेत गेल्यावर १९४१ साली त्याने नद्यांच्या पुरांवर एक निबंध लिहिला. दर वर्षीचा फक्त सर्वांत मोठा पूर घ्यायचा, असे सगळ्या वर्षांचे मोठे पूर एका ओळीत मांडायचे. या टोकाच्या आकड्यांनाही त्यांची म्हणून एक शिस्त असते, आणि ती शिस्त एकदा हाती लागली की न पाहिलेल्या पुराचाही अंदाज बांधता येतो. भारतातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आजही जलशास्त्राच्या पेपरात गुंबेलची पद्धत हमखास असते. हायडेलबर्गमधून हाकलल्या गेलेल्या माणसाच्या विचाराची रेघ कृष्णाकाठच्या नकाशांवर उमटते, हे मला आजही थक्क करते.

या रेषांबद्दल एक गैरसमज मात्र घरोघर आहे. पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची पंचवीस वर्षे निवांत, असे लोक धरून चालतात. तसे मुळीच नाही. त्याचा अर्थ इतकाच की दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात चार असते, आणि काल येऊन गेला तरी पुढच्या वर्षीही ती चारच असते. वीस वर्षांच्या गृहकर्जाला हा हिशोब लावून बघा. निळ्या रेषेपर्यंतचे पाणी कर्ज फिटायच्या आत एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात ५६ निघते. नाणे उडवून काटा पडण्यापेक्षा जास्त. लाल रेषेपर्यंतचे पाणी त्याच वीस वर्षांत येण्याची शक्यता शंभरात १८. बँकेचा हप्ता ठरवताना हे गणित कोणी मांडत नाही. मांडायला हवे.

पुराचे पाणी किती, हे कळले तरी ते किती उंच चढेल हा प्रश्न उरतोच. त्यासाठी नदीचे आडवे छेद घेतात. या काठावरून त्या काठापर्यंत, पात्राच्या तळासकट आणि काठापलीकडच्या शेतांसकट उंची मोजली जाते. असे छेद नदीच्या वाटेवर एकामागून एक घेतले जातात. मग संगणकावर त्या नदीतून पाणी वाहवले जाते. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी तयार केलेली हेक-रास नावाची प्रणाली त्यासाठी जगभर वापरतात, आणि ती फुकट मिळते. या गणितात एक आकडा असतो तो जमिनीच्या खडबडीतपणाचा. वाळूच्या पात्रातून पाणी सुळकन जाते, झाडोऱ्यातून अडखळत जाते. कृष्णाकाठच्या मळीत काय असते? ऊस. ऑगस्टमध्ये तो माणसाएवढा किंवा त्याहून उंच, दाट उभा असतो. त्यातून जाणारे पाणी मंदावते, आणि मंदावलेले पाणी चढते. पुलांच्या दोन्ही बाजूंचे भरावही असेच पाणी अडवतात. म्हणजे आपण काठावर काय पेरतो आणि काय बांधतो, तेही पूररेषेच्या गणितात शिरते.

राज्यात या रेषा आखण्याची पद्धत पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकाने घालून दिली. पंचवीस वर्षांचा पूर किंवा काठोकाठ भरलेल्या पात्रातून जाणाऱ्या पाण्याच्या दीडपट पाणी, यांतले जे मोठे असेल त्यावरून निळी रेषा ठरते. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, आणि निळीपासून लालपर्यंतचा नियंत्रित. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या राज्यासाठी जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिने हीच विभागणी ठेवली. निळ्या रेषेच्या आत इमारत नाही. बाग, हिरवळ, मोकळा भाजीबाजार, वाहनतळ, स्मशानभूमी, जलवाहिन्या असे काही चालते. निळी आणि लाल यांच्या मध्ये बांधता येते, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा निदान ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट, उंच. निषिद्ध पट्ट्यात आधीपासून अधिकृत असलेली जुनी घरे पुन्हा बांधायची तर जलसंपदा विभागाच्या ना हरकतीवर आणि त्याच उंचीच्या अटीवर वाट ठेवलेली आहे.

हे नियम वाचून मग संगमावर गेलात तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. तिथे काय आहे? घाट आहे, बाग आहे, यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, बसायला मोकळी जागा आहे. मोठ्या पुरात तिथे पाणी येते, जाते, गाळ धुऊन काढला की बाग पुन्हा उभी राहते. जुने गाव आणि पंताचा कोट मात्र उंचावर. नकट्या रावळ्याची विहीरही वर, कोटाच्या आवारात, आणि तिला खोल पायऱ्या. ज्यांनी हे बांधले त्यांच्याकडे गुंबेल नव्हता, संगणक नव्हता. पाणी कुठवर आले ते त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते, आणि पाहिलेले विसरू दिले नाही. २०२० च्या नियमावलीत निळ्या रेषेच्या आत जे जे चालते म्हणून सांगितले आहे, त्यातले बरेचसे कराडच्या काठावर नियमाच्या कितीतरी आधीपासून आहे.

अडचण आहे ती मधल्या पट्ट्यात. तिथे उंच जोते घ्या असा नियम आहे, आणि आपल्याकडे उंच जोते म्हणजे भराव असेच समीकरण झाले आहे. डंपरने मुरूम आणून प्लॉट उचलायचा. आपले घर वाचते हे खरे, पण ते पाणी जाते कुठे? दहा गुंठे म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर. त्यावर दोन मीटर भराव घातला तर वीस लाख लिटर पाण्याची जागा बुजते. एका प्लॉटने काही होत नाही. अशा पन्नास प्लॉटांनी दहा कोटी लिटर पाण्याला दुसरीकडे हाकलले जाते, आणि ते शेजारच्या बुटक्या जोत्याच्या जुन्या घरात शिरते. खांबांवर घर उचलून खालची जागा वाहनांसाठी मोकळी ठेवली तर पाण्याला निदान वाट राहते. माझ्या मते मधल्या पट्ट्यातल्या परवानगीत भराव घालण्यालाच कडक मर्यादा हवी. जोत्याची उंची तपासली आणि काम झाले, असे समजून चालणार नाही.

रेषा ओलांडल्याचे काय होते ते कृष्णाकाठाने अलीकडेच सोसले आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी तिथे साडेसत्तावन्न फुटांवर गेले. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसे गेली. त्यानंतर सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने अतिवृष्टीबरोबरच पूररेषेच्या आतल्या अतिक्रमणांवर बोट ठेवले. आणि एकच वर्ष मध्ये गेले. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलीमीटर पाऊस कोसळला. एक हेक्टर जमिनीवर इतका पाऊस म्हणजे जवळपास साठ लाख लिटर पाणी, आणि हे एका दिवसात. कराड आणि सांगली पुन्हा पाण्यात.

२००५, २०१९, २०२१: सोळा वर्षांत तीन मोठे पूर. हा नुसता योगायोग असू शकतो; शक्यतेच्या गणितात असे घडते. पण गुंबेलची पद्धत एक गोष्ट गृहीत धरते: कालचा पाऊस आणि उद्याचा पाऊस एकाच जातीचे असतील. घाटमाथ्यावरचा पाऊस कमी वेळात जास्त कोसळू लागला असेल तर जुन्या नोंदींवरून काढलेली शंभर वर्षांची रेषा आता शंभर वर्षांची राहत नाही. म्हणून या रेषा ठरावीक काळाने नव्या नोंदींवर पुन्हा काढायला हव्यात. त्या वर सरकल्या तर काही लोकांच्या जमिनींची किंमत उतरेल, विरोध होईल. तरीही काढायला हव्यात.

पूरमैदानांचा वापर आखून देणारा नमुना कायदा केंद्राने १९७५ सालीच राज्यांकडे पाठवला होता. मणिपूरने १९७८ मध्ये आणि राजस्थानने १९९० मध्ये आपापले कायदे केले. महाराष्ट्राने परिपत्रकांच्या आणि नियमावल्यांच्या वाटेने काम चालवले. नद्यांजवळच्या उद्योगांना अंतर घालून देणारे नदी नियमन क्षेत्र धोरण राज्याने २००० साली आणले होते, पण ते २०१५ मध्ये मागे घेतले. आज कृष्णेच्या काठाला राखणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी उरल्या आहेत, त्यांत या दोन रेघा सर्वांत महत्त्वाच्या आहेत, असे मी मानतो.

पाण्याशी शेकडो वर्षे झुंजलेल्या नेदरलँड्सने काय केले तेही बघण्यासारखे आहे. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर त्यांनी बंधारे नुसते उंच करत जाण्याचा जुना मार्ग सोडला आणि नदीला जागा देण्याची मोठी योजना हाती घेतली. नाइमेखेन शहरापाशी वाल नदीचा बंधारा त्यांनी सुमारे साडेतीनशे मीटर मागे नेला, त्यासाठी घरे हलवली, आणि नदीला दुसरे पात्र खोदून दिले. मोकळ्या झालेल्या जागेत आज लोक फिरायला, पोहायला येतात. आपल्याकडे नदीची जागा अजून पुष्कळ ठिकाणी मोकळी आहे. मळीची रानं आहेत, तिथे वांगी, भाजीपाला, ऊस पिकतो. ती जागा परत मिळवायची वेळ येऊ नये, एवढेच आपल्याला करायचे आहे. म्हणजे खर्चाच्या मानाने आपले काम त्यांच्यापेक्षा सोपे आहे.

कराड, मलकापूर किंवा कृष्णा-कोयनेच्या काठावर कुठेही जागा घेणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. सातबाऱ्यावर पूररेषेसाठी रकाना नसतो, त्यामुळे सातबारा स्वच्छ आहे एवढ्यावर विसंबू नका. नगररचना किंवा नगरपालिकेकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. त्या जागेसमोरच्या निळ्या आणि लाल रेषेची समुद्रसपाटीपासूनची पातळी लेखी मागा. मग स्वतःच्या खर्चाने सर्व्हेअर लावून प्लॉटची पातळी त्याच मापात काढून घ्या. शेजारच्या जुन्या घरात जाऊन २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी भिंतीवर कुठवर आले होते, तेही विचारा. लोक हात लावून दाखवतात. ओढ्याकाठची जागा असेल तर ओढा लहान म्हणून सोडून देऊ नका, त्याच्या काठापासूनही अंतर ठेवायचा नियम आहे. निळ्या रेषेची, लाल रेषेची आणि तुमच्या जमिनीची अशा तिन्ही पातळ्या एका कागदावर आल्याशिवाय इसार देऊ नका.